पिवळा दिवा कुणासाठी लागतो?

गाडीच्या स्टिअरिंगमागे, वेगाच्या काट्याशेजारी, इंजिनाच्या आकाराचा एक छोटासा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. विझला नाही किंवा चालता चालता मध्येच लागला, तर घरातल्या प्रत्येकाचं त्यावर एक मत असतं. कुणी म्हणतं पेट्रोल भेसळीचं होतं, कुणी म्हणतं इंजिन गेलं, कुणी म्हणतं काही होत नाही हो, सगळ्यांच्याच गाडीत लागतो. यंदा या दिव्यानं आम्हाला तीन महिने छळलं. शिक्षकी पेशातली जुनी खोड, दुसरं काय! गॅरेजच्या बाकावर बसून बसून कंटाळलो आणि त्याचा इतिहास धुंडाळायला लागलो.

यंत्रातलं मला फार कळतं असा दावा नाही. मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं. पण वाचत गेलो तशी ही गोष्ट यंत्रापेक्षा इतिहासाचीच जास्त निघाली, आणि तिच्यात आपल्या सोलापूरचा संबंध दोन ठिकाणी येतो.

पहिला संबंध वालचंद हिराचंदांमुळे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या गृहस्थांनी जहाजं, विमानं, साखर असे नाना उद्योग केले आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडायची, तिचंच पुढे प्रीमियर पद्मिनी असं बारसं झालं. माझ्या पिढीला 'गाडी' म्हटलं की हीच आठवते. या गाडीत काचेखाली दिवे होते, पण ते लाल. एक ऑइलच्या दाबाचा, एक चार्जिंगचा. दोन्ही सरळ मालकासाठी. ऑइलचा दिवा लागला की गाडी बाजूला घ्या, नाहीतर इंजिन जाम होईल. त्यात दुसरा काही अर्थ नव्हता.

बाकीचं निदान माणसानं करायचं. मेस्त्री प्लग काढून त्याचा रंग बघायचा. प्लग काजळीनं काळा झाला असेल तर पेट्रोल जास्त पडतंय, पांढरा पडला असेल तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी, चहाच्या रंगाचा असेल तर सगळं ठीक. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि दांडा कानाला लावून आतला आवाज ऐकायचा. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. कानाला बरं वाटलं की झालं. मागच्या नळीतून काय बाहेर पडतंय याची चौकशी कुणी करत नव्हतं. धूर दिसला तर 'रिंगा गेल्या' म्हणायचे, दिसला नाही तर प्रश्नच मिटला.

हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो फार लांब, कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसमध्ये. २६ जुलै १९४३ ला त्या शहरावर असा काही धुरकट पडदा उतरला की लोकांचे डोळे झोंबायला लागले, घसे धरले. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे जपान्यांनी विषारी वायू सोडला अशीही आवई उठली. पुढे अनेक वर्षं हे धुरकं येत राहिलं आणि दोष कधी रबराच्या कारखान्याला, कधी तेलशुद्धीकरणाला, कधी परसात कचरा जाळणाऱ्यांना दिला गेला. याचा खरा उलगडा केला आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञानं. हे गृहस्थ तिथल्या कॅलटेक या संस्थेत अननसाच्या वासावर संशोधन करत होते! अननसाचा वास कशाकशाचा बनतो हे शोधण्यासाठी जी पद्धत वापरली, तीच त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांतून आणि तेल कारखान्यांतून निसटणारी न जळलेली पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की त्यातून ओझोन आणि ते झोंबणारं धुरकं तयार होतं. म्हणजे डोळ्यांना दिसणारा धूर हा गुन्हेगार नव्हताच. न दिसणारी वाफ होती. तेल कंपन्यांना हे अर्थातच पटलं नाही, पण पुरावा पक्का होता.

इथून पुढची पावलं पटापट सांगतो. १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत एक साधी रबरी नळी आणि तिला एक झडप आली. इंजिनाच्या पोटात जमणारी वाफ पूर्वी सरळ खाली रस्त्यावर सोडून देत. ती या नळीनं परत इंजिनात ओढून जाळायची. हिला पीसीव्ही म्हणतात. या नळीकडे लक्ष ठेवा, पुढे तिचं काम आहे. १९६७ साली कॅलिफोर्नियानं हवेसाठी वेगळं मंडळ नेमलं आणि त्याचे पहिले अध्यक्ष म्हणून या हागेन-स्मिट यांनाच बसवलं. १९७० साली अमेरिकेचा स्वच्छ हवेचा कडक कायदा आला. १९७५च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक गाड्यांच्या धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला. आत प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूचा थर दिलेली जाळी, तिच्यावरून जाताना विषारी वायूंचं पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड असं बऱ्यापैकी निरुपद्रवी काहीतरी होतं. शिसं असलेलं पेट्रोल घातलं की ही जाळी निकामी होते, म्हणून पेट्रोलातलं शिसं काढावं लागलं.

मग अडचण अशी आली की ही जाळी सगळे विषारी वायू एकदम साफ करते ती फक्त एका नेमक्या मिश्रणावर. वजनानं एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. कानानं ऐकून स्क्रू पिळणाऱ्या मेस्त्रीला हे प्रत्येक क्षणी जमणं शक्य नव्हतं. त्यासाठी बॉश कंपनीनं ऑक्सिजन सेन्सर काढला, आणि १९७६ साली व्होल्व्होच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. धुराच्या नळीत बसून हा सेन्सर धुरात किती प्राणवायू उरलाय ते सांगतो. त्यावरून एक छोटा संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. सेकंदात अनेकदा. म्हणजे मेस्त्रीचा कान गेला आणि त्या जागी सेन्सर आला.

आता हा संगणक किंवा सेन्सर बिघडला तर? गाडी तरीही चालते. मालकाला पत्ताही लागत नाही. फक्त हवेत घाण जास्त जाते. म्हणून दिवा! १९८१च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांत संगणक आला आणि 'चेक इंजिन' हे शब्द काचेखाली उजळू लागले. आतल्या एका जोडणीत तारेचा तुकडा अडकवला की हाच दिवा मिचमिचायचा. एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे १२. तारायंत्रासारखं मोजत बसायचं. पुढे कॅलिफोर्नियानं १९८८च्या मॉडेलपासून असा स्वतःची तपासणी करणारा संगणक सक्तीचा केला, आणि १९९६पासून साऱ्या अमेरिकेत सगळ्या कंपन्यांना एकच सोळा खिळ्यांचं सॉकेट आणि एकच सांकेतिक भाषा ठरवून दिली. तीच ओबीडी-२. आज आपल्याकडचा मेस्त्री स्टिअरिंगखाली हात घालून जे यंत्र जोडतो, ते त्याच सॉकेटात.

हा सगळा पाल्हाळ एवढ्याचसाठी लावला की हा दिवा मालकाच्या सोयीसाठी जन्मलेला नाही. त्या अमेरिकन नियमात दिवा कधी लावायचा याचं सर्वसाधारण माप असं होतं, की बिघाडामुळे धुरातली घाण ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट होण्याइतकी वाढली की लावा. इंजिन बंद पडेल की नाही हा त्यातला प्रश्नच नाही. ब्रेकचं पॅड झिजून संपलं तरी हा दिवा लागत नाही, आणि अमेरिकेतल्या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं, वाफ निसटली, तरी लागतो. फियाटचा लाल दिवा मालकाचा नोकर होता. हा पिवळा दिवा रस्त्यावरच्या बाकी लोकांनी आपल्या गाडीत बसवलेला साक्षीदार आहे.

तो आपल्याकडे कसा आला, ते आता. एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार शहरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. फेब्रुवारी २०००पासून देशभर पेट्रोलातलं शिसं गेलं. वकील एम. सी. मेहता यांचा १९८५ सालचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात चालूच होता. त्यातच एप्रिल १९९९मध्ये दिल्ली परिसरासाठी युरोपच्या धर्तीवरच्या धुराच्या मर्यादा लागू करण्याचा आदेश झाला. पाठोपाठ सरकारनं डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २००२ साली आला आणि २००३ साली वाहन-इंधनाचं राष्ट्रीय धोरण ठरलं. मोठ्या शहरांना आधी कडक नियम, बाकी देशाला मागाहून, असा त्याचा साचा.

आणि इथे सोलापूर दुसऱ्यांदा येतं. ऑगस्ट २००३मध्ये त्याच मेहता खटल्यात न्यायालयानं ज्या शहरांच्या हवेतली श्वासाबरोबर आत जाणारी धूळ चिंताजनक आहे म्हणून नावं घेतली, त्यांत मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद, कानपूर, लखनौ यांच्या रांगेत सोलापूरही होतं. नंतर एप्रिल २००५मध्ये भारत स्टेज ३ आणि एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज ४ हे नियम दिल्ली परिसर आणि तेरा शहरांत आधी आले, त्या तेरांत मुंबई-पुण्याच्या बरोबरीनं आपलं गाव. विमानसेवेसाठी, पाण्यासाठी, कशाकशासाठी आपण मोठ्या शहरांच्या यादीत यायला धडपडतो. या यादीत मात्र न मागता बसलो. ती आपल्या हवेची कमाई. (या धुळीत रस्त्यावरच्या मातीचा वाटा फार मोठा आहे, एकट्या गाड्यांच्या डोक्यावर खापर फोडणं बरोबर नाही, हेही सांगून ठेवतो. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण धूळ राहिली.)

परिणाम असा की २०१० ते २०१७ या काळात सोलापूर शहरात नवी गाडी नोंदवायची तर ती स्टेज ४ची लागे, आणि शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, कायद्यानं स्टेज ३ची चालत होती. पेट्रोलसुद्धा वेगळं. इकडच्यात गंधक दशलक्ष भागांत ५०, तिकडच्यात १५०पर्यंत. गंधक त्या मौल्यवान जाळीला मंद करतं. तुळजापूरला देवदर्शनाला जाऊन तिथेच टाकी भरणारा सोलापूरकर नकळत दोन कायद्यांतून फिरून येत होता! स्टेज ४ बरोबर एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा सक्तीचा झाला. त्यात संगणकानं मुख्यतः भाग आणि तारा जागेवर काम करताहेत ना एवढं बघायचं. एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा, त्यात धुराच्या मर्यादेशी ताडून बघायचं. इंजेक्शनच्या काही गाड्यांत दिवा त्याआधीही होता, पण तो कंपनीच्या मर्जीनं. कायद्याचा दिवा आपल्या गावात आला तो २०१०मध्ये.

आमची गाडी २०११ सालची, पेट्रोलची. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यात कंपनीचा काही दोषही नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते तोंडावर आलेलं. अशात मार्चमध्ये पंढरपूरहून येताना दिवा लागला. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी न्यावं लागतं. रिक्षात चढणं तिला अवघड. या वयात नवी गाडी घेणं परवडत नाही आणि शोभतही नाही. त्यामुळे हा दिवा म्हणजे माझ्या दृष्टीनं 'गाडी ठेवायची की काढायची' असाच प्रश्न होता.

पहिल्या गॅरेजमध्ये यंत्र जोडलं, पडद्यावर पी०१७१ असा संकेत आला. अर्थ, मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. तिथल्या मुलानं एक बटण दाबलं, दिवा गेला. तीनशे रुपये. आठ दिवसांनी दिवा परत. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर खराब. नवा बसवला, पुन्हा बटण. बारा दिवसांनी दिवा परत. तिसऱ्या ठिकाणी प्लग आणि एअर फिल्टर बदलले, बटण दाबलं, आणि निघताना हळूच सुचवलं, "काका, पंधरा वर्षांची झाली आता, काढून टाका. नाहीतर असं करू, आतला बल्बच काढतो. डोक्याला ताप नको." एका ओळखीच्या गृहस्थांनी तर त्यांच्या गाडीत दिव्यावर काळी चिकटपट्टीच लावलेली दाखवली. दोन वर्षं झाली म्हणे, काही त्रास नाही.

यातल्या कुणालाही मी लबाड म्हणणार नाही. गिऱ्हाईक 'दिवा घालवा' म्हणतं, ते दिवा घालवतात. पण पी०१७१ हा काही रोग नव्हे, ते लक्षण आहे. मुलगा गणितात नापास झाला एवढंच त्यातून कळतं. घरी अभ्यासाला जागा नाही, की फळ्यावरचं दिसत नाही, की शिक्षकच नीट शिकवत नाहीत, हे प्रगतिपुस्तक सांगत नाही. 'हवा जास्त' याची कारणं निदान सहा-सात असू शकतात. पेट्रोलचा पंप मंदावला, इंजेक्टर तुंबला, कुठून तरी बाहेरची हवा आत शिरते आहे, सेन्सर खोटं बोलतो आहे. आणि सेन्सर खोटं बोलतो आहे हा निष्कर्ष सगळ्यात सोपा, कारण तो बदलता येतो आणि त्याचं बिल होतं.

मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, होटगी रस्त्याकडच्या एका मेस्त्रीकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, घरी तेलुगू बोलणारा, आपल्याशी सोलापुरी मराठीत. मी सवयीनं म्हटलं, "दिवा घालवायचाय." तो म्हणाला, "आधी कितीदा पुसलाय सर?" मी म्हटलं, "तीनदा." त्यानं कपाळाला हात लावला.

"पुसलं की आतलं सगळंच जातं की सर. ह्येनं लिहून ठेवलेलं असतंय, कधी झालं, कसं झालं. ते बघायच्या आधीच पुसतात."

तेव्हा मला कळलं की संगणक नुसता संकेत ठेवत नाही. बिघाड पकडला त्या क्षणाची नोंदही ठेवतो. इंजिन किती तापलं होतं, किती फेरे घेत होतं, गाडीचा वेग किती होता. याला म्हणे 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात, गोठवलेलं चित्र. बटण दाबलं की संकेताबरोबर तेही पुसलं जातं. इतिहासाच्या शिक्षकाला याहून मोठा धक्का कोणता द्यायचा! वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले ते घरोघरची दप्तरं रद्दीत जाण्याआधी गाठून. आणि इथे अव्वल दर्जाचा कागद गाडीनं स्वतः लिहून ठेवलेला, तो आम्ही तीन वेळा पैसे देऊन फाडला.

यंत्र लगेच दिवा का लावत नाही, तेही त्यानं सांगितलं. असा बिघाड एकदा दिसला तर संगणक मनात ठेवतो. लागोपाठच्या दुसऱ्या फेरीत परत दिसला तरच दिवा. आम्ही शाळेत एक दिवसाच्या गैरहजेरीला चिठ्ठी पाठवत नव्हतो, दुसऱ्या दिवशी पाठवायचो, तसंच. मात्र दिवा स्थिर न राहता उघडझाप करू लागला तर गोष्ट वेगळी. तेव्हा एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता बाहेर पडत असतं आणि ती महागडी जाळी भाजून निघते. अशा वेळी वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. एवढं नातेवाईकांनी तरी लक्षात ठेवा.

चौथ्यांदा लागलेला दिवा सुदैवानं अजून पुसलेला नव्हता. त्यानं नोंद उघडली. वेग शून्य, फेरे साडेसातशे, इंजिन चांगलं तापलेलं. म्हणजे बिघाड होतो तो गाडी उभी असताना, गरम झाल्यावर. रस्त्यावर धावताना नाही. आधीच्या तिन्ही ठिकाणी गाडी नेली होती ती सकाळी, थंड!

"गाडी ठेवून जावा," म्हणाला. मी थांबलो. वर्गात तास ऐकायला बसावं तसा बसलो. त्यानं इंजिन सुरू करून दिलं आणि पडद्यावर एक आकडा बघत राहिला. संगणक आपल्या अंदाजापेक्षा किती टक्के पेट्रोल जादा देतोय, तो आकडा. सुरुवातीला ९. इंजिन तापत गेलं तसा १५, १९, पंखा लागला तेव्हा २४. मग त्यानं अॅक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारांवर नेले. आकडा उतरून १०वर. "बघा सर. पंप कमजोर असता तर पेट्रोल जास्त लागल्यावर आकडा वाढला असता. हितं कमी होतोय." याचं कारण त्यानं जे सांगितलं ते मला फार आवडलं. कुठे तरी छोटी फट आहे. गाडी उभी असताना इंजिन हवा थोडीच घेतं, त्यात फटीतून येणारी चोरटी हवा मोठी ठरते. फेरे वाढले की इंजिन एवढी हवा ओढतं की तीच फट नगण्य. पगार कमी असला की दहा रुपयांची गळती कळते, तसं.

फट शोधायला त्यानं कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे घेतला आणि नळ्यांच्या सांध्यांवर थोडा थोडा मारत गेला. (गरम इंजिनावर हे घरी करून बघू नका, तो भडका घेतो.) एका ठिकाणी मारल्याबरोबर इंजिनाचा सूर बदलला, क्षणभर सरळ झाला. फटीतून हवेऐवजी स्प्रे आत गेला होता. त्यानं तो सूर पडद्यावर बघण्याआधी कानानं टिपला, हे मी स्वतः पाहिलं. एक बोटभर रबरी नळी, खालच्या बाजूनं चिरलेली. थंड असताना चीर मिटलेली, तापून रबर मऊ पडलं की उघडणारी. नळी कुठली? तीच, पीसीव्हीची. लॉस एंजेलिसच्या धुरक्यावर जो पहिला उपाय काढला होता, तो आमच्या गाडीत चौदा-पंधरा उन्हाळे काढून फाटला होता. नव्या नळीचे १८० रुपये.

मी विचारलं, ही चीर एवढ्यात पडली का? तो म्हणाला, दोन-तीन वर्षांची असेल. मग दिवा आताच का? त्यावर त्याचा तर्क असा की संगणक आजवर जादा पेट्रोल देऊन ती गळती भागवत होता. आता पेट्रोलात इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत आलंय. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलचं १४.७चं प्रमाण या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला संगणकानं आधीच थोडं जास्त पेट्रोल द्यायला हवं. भागवण्याची जी मर्यादा होती, तिच्यातला वाटा इथेनॉलनं घेतला आणि फटीसाठी उरलं नाही. हा त्याचा तर्क, पण आकड्यांशी जुळणारा. सोलापूर जिल्ह्यात राहून इथेनॉलला नावं कशी ठेवणार? आपल्याच उसाचं, आपल्याच कारखान्यांतलं. नळी धड असती तर दिवा लागला नसता एवढं खरं.

सॅन होजेला माझा भाचा असतो, त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, इथे दिवा लागलेला असला तर स्मॉग चेकमध्ये सरळ नापास." मी विचारलं, "आणि तपासणीच्या आधी पुसून नेली तर?" तो हसला. तीही सोय त्यांनी बुजवली आहे. संकेत पुसला की संगणकानं केलेल्या तपासण्यांच्या खुणाही पुसल्या जातात, आणि त्या परत पुऱ्या व्हायला गाडी काही दिवस वेगवेगळ्या तऱ्हेनं चालवावी लागते. तपासणीवाल्याला त्या अपुऱ्या दिसल्या की तो म्हणतो, पुन्हा या.

आपल्याकडे मी मार्चमध्येच, दिवा लागलेला असताना, पीयूसी काढून आणली होती. मागच्या नळीत दांडा घातला, नंबरप्लेटचा फोटो काढला, कागद हातात. आत डोकावून दिव्याकडे कुणी पाहिलं नाही. आकडेही मर्यादेत होते, त्याचं कारण आता कळतं. गाडी घरापासून चार गल्ल्यांवर नेली होती, नीट तापलीच नव्हती. केंद्राचा नियमही असा की नळीतला वायू बघा. गाडीनं आत काय लिहून ठेवलंय ते वाचायला कुणी सांगितलेलं नाही. सक्तीनं साक्षीदार बसवायचा आणि त्याची साक्षच काढायची नाही, असा हा प्रकार. एप्रिल २०२०पासून देशभर स्टेज ६ आली, पेट्रोलातलं गंधक दशलक्षात १०वर आलं, नव्या गाड्यांतले साक्षीदार आणखी हुशार झाले. २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांतही सोलापूरचं नाव आहेच. म्हणजे २००३च्या यादीतून सुटलो म्हणावं तर तसंही नाही.

मेस्त्रीनं नळी बसवली आणि संकेत पुसला नाही. मी म्हटलं, "आता तरी घालव की रे." म्हणाला, "त्याचा तो जाऊ दे सर. तीन फेऱ्या नीट झाल्या की आपणच जातो. नाही गेला तर माझं चुकलं." दुसऱ्या दिवशी सौ.ला व्यायामाला नेऊन आणलं, तेव्हा दिवा होता. तिसऱ्या दिवशी भाजीला, तेव्हाही होता. गुरुवारी सकाळी बँकेत निघालो, इंजिन सुरू केलं, आणि तो नव्हता. संकेत मात्र आत आणखी काही दिवस राहणार, अशा चाळीस गरम-थंड फेऱ्या झाल्या की मगच तो निघून जातो म्हणे. काढून टाकलेला जुना सेन्सर मेस्त्रीनं मी मागितल्यावर तपासून दिला. तो चांगला होता. माझ्या टेबलाच्या खणात ठेवलाय, जपून.